झाकली मूठ सव्वा लाखाची!

जानेवारी २०२२ मधली गोष्ट. पुण्याजवळ ताथवडे येथील एका हॉटेलातून शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थांना पळवून नेण्यात आले. मागणी होती ३०० कोटींच्या बिटकॉइनची आणि वर ८ लाख रोख! २०२२ च्या सुरुवातीला पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ८ जणांना पकडले. तपासात सूत्रधार म्हणून नाव पुढे आले ते चक्क एका पोलीस कर्मचाऱ्याचे. पूर्वी सायबर शाखेत असताना त्याला या संपत्तीचा सुगावा लागला होता म्हणे.

मंडळी, तिथे बातमी फुटली. आपण तर ती स्वतःच वाटतो! बँकेतला पैसा भलत्याच खात्यात गेला, तर ते खाते निदान गोठवता येते. बिटकॉइन एकदा पाठवले की परत बोलावता येत नाही. शिवाय त्याची नोंदवही जगाला खुली. वॉलेटच्या पत्त्याला तुमचे नाव चिकटले, की शिल्लक कुणीही बघावी.

मस्कतमध्ये आपण निर्धास्त असतो, खरं आहे. पण फेसबुकवरचा नफ्याचा फोटो मस्कतला थांबत नाही. तो गावी पोचतो, जिथे म्हातारे आईवडील एकटे राहतात.

तेव्हा आकडे, स्क्रीनशॉट टाकू नका. सुट्टीचे फोटो परत आल्यावर टाका. मुलांनाही समजवा. आणि आईबाबांना सांगून ठेवा, कुणी "मुलाचं कसं काय?" विचारलं, तर "बरं चाललंय" एवढंच पुरे!