सात-बारातील संगणकीय चुकांचा शोध

शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील अल्पभूधारकांना पीककर्ज किंवा भूसंपादनाचा मोबदला मिळण्यासाठी अचूक सात-बारा आवश्यक असतो. हस्तलिखित अभिलेख संगणकावर घेताना झालेली एका अंकाची चूकही त्यांच्या हक्काच्या आड येऊ शकते.

समजा, एका गटाचे क्षेत्र १ हेक्टर २० आर आहे. दोन खातेदारांपैकी एकाचे ८० आर बरोबर नोंदले गेले; दुसऱ्याच्या ४० आरचे मात्र ४ आर झाले. बेरीज ८४ आर भरते आणि क्षेत्राचा मेळ बसत नसल्याचे संगणक दर्शवितो. चूक नेमकी कोणत्या नोंदीत आहे, हे मात्र तो सांगू शकत नाही. केवळ मेळ साधण्यासाठी गटाचे एकूण क्षेत्र घटविल्यास इशारा नाहीसा होईल. परंतु ३६ आर जमीनही कागदावरून नाहीशी होईल.

यास्तव प्रथम हस्तलिखित सात-बारा, फेरफार व आठ-अ ताडून पाहणे अगत्याचे आहे. लेखनप्रमादांच्या दुरुस्तीची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहे. पंचायत सदस्य व शिक्षकांनी खातेदारांस उतारा वाचून दाखविल्यास अशी चूक वेळीच उघडकीस येईल.