बडतर्फीपूर्वीची चौकशी

सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी हे रेल्वेच्या आश्रयाने वाढलेले गाव. १८९७ साली येथून बार्शीला अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली, आणि आजही पुण्या-मुंबईकडे जाणारा येथला गृहस्थ आगगाडीच पकडतो, मोटार मात्र दारात वैशाखाच्या उन्हात तिष्ठत राहते. अशी गाडी तीन-चार आठवड्यांनी सुरू करू जावे, तो ‘सेल्फ’ने नुसते ‘टक्‌टक्‌’ करावे, दिवे मिणमिणावेत, आणि जमलेल्यांपैकी कोणी तरी ‘बॅटरी गेली, नवी आणा’ असा निकाल देऊन मोकळे व्हावे, हा नित्याचा प्रकार होय. माझे म्हणणे इतकेच की, नोकराला बडतर्फ करण्यापूर्वी जशी रीतसर चौकशी होते, तशी बॅटरीचीही व्हावी. कारण उतरलेली बॅटरी पुष्कळदा निर्दोष असते.

फ्रेंच संशोधक प्लांते याने १८५९ साली सिद्ध केलेले तत्त्वच आजही तिच्यात नांदते: सुमारे दोन व्होल्टचा एक, असे सहा सेल, त्यांत शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल. वीज खर्च होताना प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते व आम्ल पातळ होते. चार्जिंगने ही क्रिया उलटते. मात्र उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच पडली, तर त्या सल्फेटचे स्फटिक कठीण होऊन बसतात आणि मग चार्जरचेही काही चालत नाही.

प्रथम टर्मिनल पाहावेत. त्यांवर पांढरट-हिरवी भुकटी साचली असेल, तर सोडा घातलेल्या गरम पाण्याने ती धुऊन, क्लॅम्प घट्ट आवळून, वर व्हॅसलीन लावावे. कित्येक खटले येथेच निकालात निघतात. नंतर मीटर लावावा: काही तास विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवील तर ती भरलेली, १२ च्या खाली असेल तर रिकामी समजावी. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास चार्जिंग पुरते. त्या वेळी हायड्रोजन वायू सुटत असल्याने जागा हवेशीर हवी आणि बिडी ओढणाऱ्या हितचिंतकांस दूर बसवावे. झाकणे उघडणारी बॅटरी असेल, तर चार्जिंगनंतर हायड्रोमीटर प्रत्येक सेलात बुडवावा. पाच सेल १.२६ च्या आसपास आणि एकच फार खाली, असे दिसले की तो सेल बाद झाला व दोषारोप शाबीत झाला. आमच्या चाळीस अंशांवरच्या उन्हाळ्यात आतले पाणी लवकर आटते. तेथे डिस्टिल्ड वॉटरच घालावे, आम्ल नव्हे, कारण उडून गेलेले असते ते पाणीच.

बॅटरी बदलण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून पुन्हा एकदा मीटर लावावा. साधारण १४ व्होल्ट न दिसल्यास अपराधी बहुधा अल्टरनेटर असतो, आणि नव्या बॅटरीचीही तीच गत व्हायची. बदलताना ऋण तार आधी सोडावी, म्हणजे धन टोकावरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही. जोडताना क्रम उलटा. नवी बॅटरी तेवढ्याच क्षमतेची, टर्मिनल त्याच बाजूस असलेली आणि अलीकडच्या महिन्यात बनलेली पाहून घ्यावी, वॉरंटी कार्डावर दुकानदाराकडून शिक्का व तारीख घालून घ्यावी, आणि जुनी त्याच्याच हवाली करून तिच्या शिशाचा मोबदला बिलातून वजा करण्यास सांगण्यात मुळीच संकोच बाळगू नये.