नाचाच्या आणि कसरतीच्या वर्गाचा पोशाख

कोलांटउडी हा शब्द कोल्हाटी लोकांवरून मराठींत रूढ झाला असें सांगतात. दोरावरच्या व वेळूवरच्या कसरती दाखवीत गांवोगांव फिरणारी ही जमात. तिच्यांतल्या पुष्कळ स्त्रिया पुढें तमाशाच्या फडांत नाचूं लागल्या. नाच आणि उड्या या दोन विद्या महाराष्ट्रांत अशा एकाच घरांत नांदल्या, आणि दोहोंना पोशाख एकच पुरला : कासोटा घातलेलें नऊवारी लुगडें. कासोट्यामुळें दोन्ही पाय निरनिराळे गुंडाळले जातात आणि मागचा पदर कंबरेशीं घट्ट खोचला जातो. त्यामुळें बाई उलटी झाली तरी वस्त्र जागचें हालत नाहीं. ज्यांनीं ही नेसण बसविली त्यांना अंगाची हालचाल उत्तम कळत होती, यांत शंका नाहीं.

आज बीड, अंबाजोगाई, परळी अशा गांवांतून मूल नाचाच्या किंवा जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला घालावयाचें ठरलें कीं पहिला प्रश्न कपड्यांचा निघतो. शिक्षक अंगाबरोबर बसणारा पोशाख मागतात. घरांत आजीला तो पसंत पडत नाहीं. आई मधल्यामध्यें ढगळ कुडता घालून मुलीला धाडते. मुलगी आठनऊ वर्षांची असेपर्यंत हें निभतें. ती बारातेरा वर्षांची झाली म्हणजे वाद वाढतो, आणि पुष्कळदां तो मिटण्याऐवजीं वर्गच सुटतो. म्हणून या प्रश्नाला क्षुल्लक म्हणतां येत नाहीं.

शिक्षकांचा आग्रह कशासाठीं असतो? हात जमिनीवर टेकून पाय वर गेले कीं सैल कुडता खालीं घसरून तोंडावर येतो. त्या क्षणीं मुलाला जमीन दिसत नाहीं. कधीं हात कुडत्याच्याच टोकावर पडतो आणि निसटतो. शिवाय शिकवणारा माणूस मुलाला कंबरेशीं धरून आधार देत असतो. कापड सैल असेल तर हातांत कापड येतें, मूल येत नाहीं. पाठीवर बटणें, हूक अथवा साखळी असेल तर लोळण घेतांना तीं मणक्याला रुततात. गळ्यांत ओढणी तर कदापि नको. घट्टपणा पाहिजे तो एवढ्यासाठीं, शोभेसाठीं नव्हे. कपडा योग्य आहे कीं नाहीं हें घरींच पाहतां येतें : मुलानें हात वर करावे, खालीं वांकावें, उकिडवें बसावें. तिन्ही वेळां पोट-पाठ उघडी पडली नाहीं व कोठें ओढ बसली नाहीं, म्हणजे झालें.

परंतु घट्ट म्हणजे उघडें असा अर्थ मात्र नाहीं, आणि घरांतला तंटा बहुधा येथेंच फसतो. कसरतपटूंचा जो अंगाबरोबरचा एकसंध पोशाख, त्याला लिओटार्ड म्हणतात तें झ्यूल लेओतार या फ्रेंच कसरतपटूच्या नांवावरून. यानें 1859 सालीं पॅरिसमध्यें झुलत्या दांडीवरच्या उड्या प्रथम करून दाखविल्या. आज केवळ मुलींचा समजला जाणारा हा पोशाख मुळांत एका पुरुषाचा, ही गंमत आहे! 2021 सालीं बाझेल येथील युरोपीय स्पर्धेंत आणि नंतर टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंत पाय झांकणारा पोशाख घालून उतरल्या. त्यासाठीं नियम बदलावा लागला नाहीं; मुभा आधींपासूनच होती. तेव्हां अंबाजोगाईच्या एखाद्या आईनें मुलीसाठीं पूर्ण पायांचा पोशाख मागितला तर तिनें संकोचण्याचें कारण नाहीं, आणि शिक्षकांनींही तो मागासलेपणा समजूं नये. मासिक पाळीच्या दिवसांत तर गडद रंगाचा, पूर्ण पायांचा पोशाखच मुलीला निर्धास्त ठेवतो.

मल्लखांबाची गोष्ट निराळी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधरांनीं या विद्येला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. लांकडी खांबाला एरंडेल चोळलेलें असतें. त्यावर पकड बसते ती मांड्यांच्या कातडीची. म्हणून मुलगे लंगोट किंवा आंखूड, तंग चड्डी घालतात. त्या ठिकाणीं लांब विजार घालणें म्हणजे घसरण्याला आमंत्रणच. दोराच्या मल्लखांबावर मुली पुष्कळ दिसतात. तेथेंही पायांचीं बोटें मोकळीं हवींत, कारण दोर आंगठा आणि शेजारचें बोट यांच्या चिमटींत धरावयाचा असतो.

नाचाच्या वर्गांत शिक्षकाची नजर गुडघ्यावर व पावलावर असते. कथकाला कुडता, चुडीदार आणि छातीवरून तिरपी घेऊन कंबरेशीं बांधलेली ओढणी. भरतनाट्यमला पायजमा-कुडत्यावर आंखूड साडी. लावणी शिकावयाची तर पहिल्यापासून नऊवारींतच शिकावी, कारण पाऊल किती टाकावयाचें तें लुगडेंच ठरवितें. घुंगरू प्रथम थोडे असावेत, आणि उड्यांच्या वेळीं ते काढूनच ठेवावेत. कांचेच्या बांगड्या, पैंजण, लोंबते डूल हेही तसेच. मानेवर अंबाडा असला कीं हनुवटी छातीला लागत नाहीं व लोळण चुकते. त्यापेक्षां दोन वेण्या वर उचलून फितीनें बांधाव्या. पायांत कांहीं नको. शहाबादी फरशीवर मोजे घालून नाचणें तर धोक्याचेंच.

कापडाविषयीं बीडसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांत सुती कपड्याकडे ओढा असावा हें साहजिक आहे, आणि वैशाखांत पारा चाळिशीपार जातो तेव्हां तें योग्यही आहे. मात्र विणलेलें साधें सूत ताणत नाहीं आणि घामानें जड होतें. निव्वळ नायलॉन ताणतें, पण घाम टिपत नाहीं. सुती होजिअरींत थोडा लायक्रा (हा धागा 1958 सालचा) मिसळलेला असला म्हणजे दोन्ही गुण पदरीं पडतात.

खर्चाचा विचार करतां पहिल्या महिन्यांत नवें कांहीं घेऊंच नये. शाळेची कवायतीची चड्डी आणि आंत खोचलेला बनियन मुलाला पुरतो. मुलीला तंग विजार आणि तशीच खोचलेली बंडी. या जिल्ह्यांतलीं हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात व त्यांचीं मुलें अर्धें वर्ष बाहेर असतात. अशा मुलांना गणवेशावांचून वर्गांत बसूं न देणारी शाळा कसरत शिकवीत नाहीं, दुकान चालविते.

पोशाख घरीं आणल्यावर घामेजलेला तसाच पिशवींत ठेवूं नये. थंड पाण्यांत लगेच धुवावा आणि सावलींत वाळवावा. मराठवाड्याच्या उन्हांत दोरीवर टाकलेला लायक्रा लौकरच ढिला पडतो.