घोडा आजारी आहे हे सांगणार कोण?

महाड-तुडील भागात आता घोडा दिसतो तो बहुधा वरातीत. आज इथे, उद्या पोलादपूरला. दर मांडवात नवी बादली. आपल्याच जिल्ह्यात माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर तर रोज घोड्यांची रांग असते. सामाईक पाणी, उसना तोबरा, सगळ्यांना मिळून एकच खरारा, संसर्ग पसरायला एवढे पुरते.

सर्वांत वाईट ग्लँडर्स. नाकातून चिकट, कधी रक्ताळ शेंबूड येतो, कातडीवर गाठी उठून फुटतात. गाढवे-खेचरे लवकर दगावतात. घोडा मात्र महिनोन्‌महिने धडधाकट दिसत जंतू सोडत राहतो. मोतद्दारालाही तो होऊ शकतो. २००६ साली हा रोग देशात पुन्हा उफाळला, तेव्हा महाराष्ट्रालाही झळ बसली होती.

त्यावर लस नाही आणि बाधित जनावरावर उपचार करत नाहीत. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. रोग निश्चित झाला की जनावर वेदना न देता मारून खोल पुरायचे. २००९च्या केंद्रीय कायद्याने रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे आणि मारलेल्या जनावराची भरपाईही मिळते. पण घोड्यामागे ठरलेली रक्कम २५,००० रुपयांच्या घरातली, आणि सारंगखेड्याच्या यात्रेत जातिवंत घोड्याची बोली लाखांत लागते. मग मालक गप्प राहिला, रातोरात घोडा दुसऱ्या बाजारात नेला, तर नवल कसले? शंभर जनजागृती फलकांपेक्षा बाजारभावाच्या जवळ जाणारी भरपाई जास्त काम करील, असे मला वाटते.

सर्रा या दुसऱ्या रोगाची गोष्ट वेगळी. तो चावऱ्या घोडमाश्या पसरवतात, म्हणून पावसाळ्यात आणि नंतर काही दिवस तबेल्यातली लीद साठू देऊ नये, गोठ्यात धूर करावा. ताप येतो-जातो, पोटाखाली सूज येते, खाऊनही घोडा खंगतो. पण यावर औषध आहे, त्यामुळे मालक डॉक्टरला बिनधास्त बोलावतो.

अडचण अशी की दोन्ही रोगांत सुरुवातीला ताप येऊ शकतो आणि तो कशाचा, हे रक्त तपासल्यावरच कळते. तोवर घोडा वेगळा बांधावा, त्याची बादली, तोबरा, खरारा वेगळा ठेवावा, मोतद्दाराने हातमोजे व मुखपट्टी वापरावी. बाजारातून आणलेला नवा घोडाही तीन आठवडे असाच बाजूला हवा, लग्नाची सुपारी घेतलेली असली तरी.