प्रयोगसाहित्याचा कब्जा आणि कायद्याची भाषा

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी, चिंचवड व कालांतराने चाकण हा सारा टापू यंत्रांचा व रसायनांचा झाला. दिवसभर लेथवर अथवा रसायनशाळेत काम करणाऱ्या माणसाला आपल्या घरीही एखादे चंबूपात्र, एखादा संघनक, लहानसा लेथ असावा असे वाटले, तर त्यात नवल नाही. असे साहित्य घरी ठेवणे कायदेशीर आहे काय, ह्या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. एक, काच व लोखंड ठेवण्यास कोणाची मनाई असणार? दुसरे, परवान्यावाचून काहीही ठेवता येत नाही. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. कायदा बहुधा वस्तूविषयी बोलत नाही. तो वस्तू ठेवण्यामागील प्रयोजनाविषयी बोलतो, आणि ते प्रयोजन सांगण्याचे काम ठेवणाऱ्यावर सोपवितो. हे कसे घडते हे कायद्याच्या शब्दयोजनेवरूनच पाहावयाचे आहे.

प्रथम ‘मालकी’ आणि ‘कब्जा’ ह्यांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. निर्बंध घालणारे अधिनियम वस्तू कोणाची आहे हे फारसे विचारीत नाहीत; ती कोणाच्या ताब्यात सापडली हे विचारतात. मित्राने ठेवावयास दिलेले पात्रही ह्या अर्थाने आपल्या कब्जात असते. मराठीत ह्यासाठी ‘बाळगणे’ हे क्रियापद रूढ आहे, आणि त्याचा वापर उद्बोधक आहे. आपण टेबल ‘बाळगीत’ नाही, पुस्तकही सहसा ‘बाळगीत’ नाही. भीती, अभिमान, वैर आणि शस्त्र मात्र बाळगतो. म्हणजे चंबूपात्र ‘बाळगले’ असे पंचनाम्यात लिहिले की वाक्यात संशयाचा प्रवेश होऊन चुकतो.

घरगुती प्रयोगशाळेशी सर्वांत निकटचा संबंध येतो तो १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाचा, म्हणजेच आजच्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाचा. त्याच्या कलम ६५ नुसार मादक पदार्थ तयार करण्याच्या प्रयोजनाने कोणतेही साहित्य, ऊर्ध्वपातनयंत्र, भांडे वा उपकरण जवळ ठेवणे हा अपराध आहे. येथे ‘प्रयोजनाने’ हा शब्द हौशी प्रयोगकर्त्याला वाचवितो असे वाटते. परंतु कलम १०३ पुढे येते. अशी वस्तू कब्जात असल्याचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत अपराध घडला असे त्या कलमान्वये गृहीत धरले जाते. कलम ६५ ने प्रयोजनाची अट घातली; कलम १०३ ने त्या प्रयोजनाच्या शाबितीचा भार बऱ्याच अंशी फिरविला.

ह्या ठिकाणी बोलीही आपला वाटा उचलते. पाठ्यपुस्तकात जे ‘ऊर्ध्वपातन’, तेच गुन्ह्याच्या बातमीत ‘गाळणे’ होते. भोसरीच्या कारखान्यात ‘भट्टी’ म्हणजे धातू तापविण्याची जागा. पोलीस ठाण्यात तोच शब्द हातभट्टीची आठवण करून देतो. पात्र एकच, क्रियाही एकच. शब्द बदलला की प्रयोजन बदलल्यासारखे होते.

अन्य अधिनियमांतही हीच रचना थोड्याफार फरकाने आढळते. १९०८ च्या स्फोटक द्रव्य अधिनियमाच्या व्याख्येत द्रव्याबरोबर स्फोट घडविण्यास उपयोगी पडणारी उपकरणे व यंत्रेही येतात, आणि वाजवी संशय उत्पन्न होईल अशा परिस्थितीत ती सापडल्यास विधिसंमत उद्देश दाखविण्याचे काम आरोपीकडे जाते. अमली औषधिद्रव्यांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमातील कलम ५४ मध्ये ‘खास बनविलेले उपकरण’ आणि ‘खास जुळविलेला भांड्यांचा संच’ असे दोन शब्दप्रयोग येतात. दुसरा अधिक महत्त्वाचा होय. कारण सुटी भांडी निर्दोष असूनही त्यांची जुळणी सदोष ठरू शकते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील ‘शस्त्र’ ह्या संज्ञेत शस्त्रे तयार करण्याची यंत्रसामग्रीही समाविष्ट आहे. साध्या लेथला हे वर्णन आपोआप लागू होत नाही हे खरे. परंतु त्यावर काय घडविले जाते ह्यावर त्याचे नाव ठरते.

हे निर्बंध निष्कारण आहेत असे म्हणता येणार नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात २० किलो मेफेड्रोन पकडले. ज्या टापूत रसायनांचे ज्ञान व साहित्य मुबलक आहे, तेथे त्यांचा दुरुपयोगही सुलभ असतो. प्रश्न निर्बंध असावेत की नसावेत हा नव्हे. निर्दोष माणसाला आपले निर्दोषत्व कोणत्या शब्दांत मांडता येईल, हा आहे.

हा प्रश्न ॲसिडविषयक आदेशांत स्पष्ट होतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार ह्या प्रकरणात ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधने घातली. ग्राहकाचे ओळखपत्र, पत्ता, खरेदीचे प्रमाण आणि कारण ह्यांची नोंद आवश्यक ठरली. १८ वर्षांखालील व्यक्तीस विक्री वर्ज्य झाली. शिक्षणसंस्था, संशोधनशाळा, रुग्णालये व सरकारी खाती ह्यांनी ॲसिड कसे सांभाळावे हेही सांगितले गेले. ह्या यादीत घर नाही. संस्थेचे प्रयोजन तिच्या नावातच असते. घरी प्रयोग करणाऱ्याला मात्र नोंदवहीतील ‘कारण’ ह्या रकान्यात काय लिहावे हे स्वतः ठरवावे लागते, आणि ‘कुतूहल’ हा शब्द तेथे दुबळा वाटतो.

मग वस्तूंची यादी करून परवाने द्यावेत काय? अमेरिकेतील टेक्सस राज्याने तो मार्ग पत्करला होता. तेथे संघनक, ऊर्ध्वपातनाची साधने व काही प्रकारची चंबूपात्रे खरेदी करण्यास शासकीय परवाना लागे. १ सप्टेंबर २०१९ पासून ती पद्धत बंद झाली. वस्तूचे नाव निश्चित केल्याने संदिग्धता जाते, पण शाळकरी मुलाचे चंबूपात्रही यादीत अडकते.

ह्याहून बोधप्रद उदाहरण भारतातीलच आहे. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्यावाचून बिनतारी यंत्राचा कब्जाच निषिद्ध केला होता. तेथे प्रयोजनाचा प्रश्नही उरत नव्हता. तरीही हौशी माणसाला सर्वांत स्पष्ट स्थान मिळाले ते ह्याच कठोर कायद्याच्या छत्राखाली. १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमांनी आर्थिक लाभाविना, केवळ वैयक्तिक हेतूने स्वयंशिक्षण व तांत्रिक शोध करणाऱ्या व्यक्तीची व्याख्या केली आणि परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास परवाना देऊ केला. रसायनाच्या हौशी अभ्यासकाला अशी व्याख्या लाभलेली नाही. बिनतारीचा हौशी कठोर कायद्यात नावानिशी वावरला; रसायनाचा हौशी सौम्य भासणाऱ्या कायद्यात अनामिक राहिला.

तोवर त्याचा आधार एकच उरतो, तो म्हणजे लेखी नोंद. काय घेतले, कोठून घेतले, किती वापरले, कोणता प्रयोग केला व त्यातून काय आढळले, हे तारखेनिशी लिहिलेली वही म्हणजे परवाना नव्हे. ती परवान्याची जागाही घेऊ शकत नाही. परंतु कायदा ज्याला ‘समाधानकारक खुलासा’ म्हणतो, त्याचा मसुदा संशय उत्पन्न होण्यापूर्वीच तयार ठेवण्याचा तो एक मार्ग आहे. प्रयोगशाळेत वही ही शास्त्राची शिस्त मानली जाते. घरातील प्रयोगकर्त्याच्या बाबतीत तीच त्याची साक्ष ठरते.