खुरटे बॉल पायथन : संज्ञा आणि संगोपन

‘अजगर’ ह्या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती ‘अज गिळणारा तो अजगर’ अशी दिली जाते. प्रस्तुत टिपणाचा विषय असलेल्या प्राण्यास हे नाव फारसे शोभत नाही. पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या गवताळ मुलुखात उंदरांची बिळे आणि वारुळे ह्यांच्या आश्रयाने राहणारा ‘पायथन रेगिअस’ पूर्ण वाढल्यावरही बहुधा चार-पाच फुटांपलीकडे जात नाही. १८०२ साली शॉ ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्यास राजपदवाचक विशेषण दिले. परंतु भ्याला असता डोके मध्ये घेऊन तो अंगाचा चेंडू करतो, म्हणून ‘बॉल पायथन’ हेच नाव रूढ झाले. घाना, टोगो व बेनिन येथून त्याची पिल्ले अनेक दशके परदेशी जात आली आहेत, आणि आता हौशी पाळणारे घरोघरी त्याची पैदास करतात. भारतात मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाची २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम ह्यांनुसार अशा विदेशी प्राण्याची नोंदणी करावी लागते. आपला देशी अजगर पाळणे तर गुन्हाच होय.

अंड्यातून निघालेले पिल्लू साधारणतः पन्नास ते सत्तर ग्रॅम भरते. क्वचित तीस-पस्तीस ग्रॅमचेही निपजते. इंग्रज पैदासकार त्यास ‘रंट’ म्हणतात. डुकराच्या विणीतील सर्वांत लहान पिल्लाचे हे नाव. हा शब्द केवळ आकार सांगतो, कारण सांगत नाही. आणि पिल्लाचे जगणे-मरणे ह्या कारणावरच अवलंबून असते. ह्या बाबतीत मराठी अधिक काटेकोर आहे. ‘बुटके’, ‘खुरटलेले’ आणि ‘रोडावलेले’ हे तीन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरीत नाही. बुटकेपण जातीचे असते; खुरटण्यास बाहेरचे काही निमित्त लागते; आणि रोडावतो तो, जो पूर्वी अंगाने बरा होता.

बुटक्यांचा निकाल चटकन लावता येतो. इंडोनेशियातील जांपेआ बेटावरचे जाळीदार अजगर पिढ्यान्‌पिढ्या ठेंगणे असतात, म्हणून २००२ साली त्यांची स्वतंत्र उपजाती मानण्यात आली. बॉल पायथनमध्ये अशी बेटावरची ठेंगणी जात नाही. तेव्हा ‘बुटक्या जातीचे’ म्हणून जे पिल्लू विकावयास येते ते उपाशी तर ठेवलेले नाही ना, अशी शंका घेणे अनुचित नव्हे.

जन्मतः लहान असलेल्या पिल्लाची कथा निराळी. कधी एकाच अंड्यातून जुळी निघतात आणि एकाचा बलक दोघांत वाटला जातो. कधी अंडे उबताना कोरडे पडते. असे पिल्लू लहान खरे, पण त्याचा कणा उठून दिसत नाही, जीभ चपळ असते, हातात घेतल्यास पकड घट्ट लागते. त्यास औषध नको, बेताचे अन्न हवे. आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याने पहिली कात टाकली की खाणे सुरू करावे, त्याआधी घाई करू नये.

येथेच दयाळू मनुष्याची चूक होते. लहान म्हणून मोठा घास देण्याचा मोह होतो. सीकॉर व डायमंड ह्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बर्मी अजगरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, उपवासात आकसलेले लहान आतडे भक्ष्य गिळल्यावर एक-दोन दिवसांत सुमारे दुप्पट होते. म्हणजे पचन सुरू करण्यासाठीच अंगचे भांडवल आधी खर्ची पडते. ज्याच्यापाशी भांडवल थोडे, त्याने मोठा घास घेतला तर तो उलटतो, आणि उलटीबरोबर शरीरातील पाणीही जाते. म्हणून भक्ष्य पिल्लाच्या वजनाच्या दशांशाच्या आसपास असावे. पस्तीस ग्रॅमच्या पिल्लास उंदराचे तीन-साडेतीन ग्रॅमचे पिलू पुरे. प्रथम दीड ग्रॅमचे, नुकते जन्मलेले दिले तरी चालते. उलटी झाल्यास दोन आठवडे काहीच देऊ नये.

जागा ऐसपैस नको. झाकणाचा छोटा डबा, अंग सर्व बाजूंनी टेकेल असे लपण, एका टोकास एकतीस-बत्तीस अंश सेल्सिअस ऊब व दुसऱ्या टोकास सव्वीसच्या आसपास. उबेचे साधन थर्मोस्टॅटवाचून कदापि लावू नये. लहान देहास वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक, त्यामुळे तो लवकर सुकतो; शेवाळ ओलसर ठेवावे, परंतु चिखल करू नये.

रोडावलेल्या पिल्लाची परीक्षा कण्यावर होते. देहाचा छेद गोलसर न राहता छपरासारखा त्रिकोणी झाला, कातडी सुरकुतली, तोंडाशी फेस आला, किंवा खवल्यांखाली गोचिडीसारखे सूक्ष्म कीटक दिसले, तर हा आहाराचा प्रश्न राहिला नाही, पशुवैद्याकडे जावे. घशात बळेच अन्न लोटणे हा उपाय पुष्कळजण पहिला योजतात. वस्तुतः तो शेवटचा, आणि तोही जाणत्या हातांचा. त्याआधी भक्ष्य जबड्याच्या कडेस अलगद ठेवून हात काढून घ्यावा; पिल्लू पुष्कळदा पुढचे काम स्वतःच करते. दर आठवड्यास एकाच वेळी, शक्यतो खाण्यापूर्वी, ग्रॅमच्या काट्यावर वजन घ्यावे. डोळ्यास जे ‘लहान’ एवढेच दिसते त्यातील खुरटलेले कोणते व रोडावणारे कोणते, हे ह्या आकड्यांची ओळ दोन महिन्यांत सांगते.