टाकीतले किडे: औषध टाकण्याआधी काय बघायचं?

दिवाळीच्या सुट्टीत नांदूरघाटला घरी गेलो होतो. जेवताना सहज सांगितलं, की विभागातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत किडे झालेत. आई लगेच म्हणाली, "मग जंताचं औषध टाक की, शेळ्यांना पाजतो ते."

सगळे हसले. पण आई फार चुकीचं बोलली नव्हती. शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांवर चालणारं लेव्हामिसोल काही जण समुद्री टाकीतल्या एका प्रकारच्या किड्यांवरही वापरतात. परत गेल्यावर मी तेच केलं. सकाळी दोन्ही क्लाऊनफिश मेलेले होते. सरांनी एकच प्रश्न विचारला, "आधी मोजलं होतंस का?" मोजलं नव्हतं. आजचा लेख त्याबद्दल आहे.

किडे आले कुठून?

आमची टाकी 40 लिटरची. पाणी तयार मिठाच्या मिश्रणाचं, दगड कोरडे आणलेले. किडे आले दुसऱ्या टाकीतून घेतलेल्या झोअँथिडच्या तुकड्यासोबत. डोळ्यांना न दिसणारी अंडी आणि छोटी पिल्लं अशीच येतात. (समुद्रावरून प्रवाळ किंवा प्रवाळाचा दगड उचलून आणायचा विचारही करू नका. कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.)

ओळख: नावाआधी वागणूक

"किडा" हा शब्द आपण शाळेतल्या तीन-चार वेगळ्या संघांसाठी एकदमच वापरतो. टाकीत सहसा हे भेटतात:

1. काटेरी किडे (पॉलिकीट). वलयी संघातले, म्हणजे गांडुळाचे नातलग. गुलाबी-करडं अंग, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके. रात्री बाहेर येतात, उरलेलं खाणं साफ करतात. बहुतेक उपयोगीच. मात्र हात लावू नका. अँफिनोमिड कुळातल्यांचे केस चुनखडीचे आणि ठिसूळ असतात, कातडीत मोडून राहतात आणि आग होते. चिकटपट्टी लावून ओढले की बरेचसे निघतात.

2. युनिसिड. हेही पॉलिकीट, पण डोक्यावर पाच स्पर्शक आणि आत मजबूत जबडे. अंगावर इंद्रधनुषी चमक. काही जाती प्रवाळ आणि मासेही खातात. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूक्वे इथल्या ब्लू रीफ मत्स्यालयात प्रवाळ कुरतडले जात होते. कर्मचाऱ्यांनी दगड एकेक करून काढले, तेव्हा सुमारे चार फूट लांब किडा सापडला.

3. नळीत राहणारे. काचेवर एक-दोन मिलिमीटरची पांढरी गोल वेटोळी दिसली तर ते स्पायरॉर्बिड. पाणी गाळून खातात. त्यांना राहू द्या.

4. गंजाच्या रंगाचे चपटे किडे. काही मिलिमीटर लांब, शेपटीकडे तीन टोकं. टाकी पाळणारे याला "रेड प्लॅनेरिया" म्हणतात, पण हा प्लॅनेरिया नाहीच. हा ॲसील गटातला, कॉन्व्होल्युट्रिलोबा. याच्या अंगात शैवाल राहतं, म्हणून तो दिवसा उजेडात बसतो. कळ्या फुटून वाढतो, त्यामुळे संख्या झपाट्याने चढते.

माझ्या टाकीत पहिला आणि चौथा, दोन्ही होते. मी दोघांना एकच समजलो.

माझं नेमकं काय चुकलं?

ॲसील मरताना विषारी द्रव्यं सोडतात. शेकडो एकदम मेले आणि पाणी फक्त 40 लिटर असेल, तर मासे जाऊ शकतात. माझे मासे त्यानेच गेले का? खात्रीने सांगता येत नाही. अमोनिया मोजला नव्हता, विरघळलेला ऑक्सिजन मोजला नव्हता, तुलनेला दुसरी टाकी नव्हती. म्हणजे दोन मासे गेले आणि हातात निष्कर्षही नाही. याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता काय करतो?

- दोन आठवडे फक्त नोंद. दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल उजेडात, काचेच्या ठरलेल्या चौकोनात मोजणी. दिवसा वेगळी मोजणी. पहिल्या प्रकाराची संख्या खाण्यावर चालते, चौथ्याची उजेडावरही. दोन्ही एकाच वहीत, पण वेगळ्या रकान्यात.
- काटेरी वाढले तर खाणं कमी. रात्री नळीच्या तुकड्यात थोडी सुकट ठेवली की सापळा होतो. चिमटा आणि हातमोजे हवेतच.
- चपटे वाढले तर आधी बारीक नळीने ओढून काढा, जितके निघतील तितके. औषध शेवटी, उरलेल्यांसाठी. त्या वेळी सक्रिय कोळसा आणि बदलायचं पाणी तयार हवं, हवेचा पंप चालू हवा.
- नवा तुकडा थेट मुख्य टाकीत नको. आधी काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून बघा.

नमुना जपायचा असेल तर

जिवंत किडा थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर आक्रसतो, तुटतो. आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात शिथिल करा. शरीररचना बघायला फॉर्मॅलिन, डीएनएसाठी 95 टक्के इथेनॉल. एकाच नमुन्यातून दोन्ही हवं असेल तर फॉर्मॅलिनच्या आधी शेपटीचा तुकडा इथेनॉलमध्ये काढून ठेवा. अँफिनोमिडसाठी फॉर्मॅलिन बफर केलेलं हवं, नाहीतर आम्लात चुनखडीचे केस विरघळतात आणि ओळखीची खूणच जाते.

भारतीय पॉलिकीटसाठी फोव्हेलचा 1953 चा ग्रंथ अजून उघडावा लागतो. पण त्यातलं नाव डोळे झाकून लावू नका. युरिथोई कॉम्प्लॅनाटा ही जगभर पसरलेली एक जात समजली जायची, डीएनए तपासल्यावर त्या नावाखाली अनेक जाती निघाल्या. जात ठरत नसेल तर वहीत कुळापर्यंतच लिहा, तेवढं पुरतं.

परवा आईने फोनवर विचारलं, "किडे गेले का रे?" म्हटलं, काटेरी ठेवलेत, चपटे रोज ओढून काढतोय. मासे अजून आणले नाहीत. चपट्यांचा रकाना सलग चार आठवडे शून्य आला की आणीन.